अकरावीला गणित सोडताय? आधी हे वाचा

फेब्रुवारीत केज तालुक्यातली एक मुलगी आजीला घेऊन आमच्याकडे आली. आईबाप कोयत्यावर, पश्चिम महाराष्ट्रात. मुलगी बारावी कॉमर्सला, अकरावीत ७८ टक्के. तिला दिल्ली विद्यापीठात व्यवस्थापनाची पदवी करायची होती, पुढे एमबीए. आमच्याकडून तिला एवढंच हवं होतं : जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात कसा काढायचा ते सांगा आणि सीयूईटीचा फॉर्म भरून द्या.

आम्ही तिचे विषय विचारले. इंग्रजी, मराठी, अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, चिटणिसाची कार्यपद्धती.

गणित नव्हतं. आणि दिल्लीच्या त्या पदवीला सीयूईटीत गणिताचा पेपर लागतोच, तोही बारावीला गणित शिकलेल्यालाच. म्हणजे मार्क कितीही पडोत, ते दार तिच्यासाठी अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात बंद झालं होतं. कोणी बंद केलं? प्रवेशाच्या खिडकीवर तिला सांगितलं गेलं, "गणिताला पोरंच नाहीत. चिटणिसाची घे, मार्क पडतात." तिने घेतलं. घरात विचारायला कोणी नव्हतं. आम्हालाही ती तेव्हा भेटली नव्हती. आमच्या वस्तीतल्या पोरांचंही आम्ही या बाबतीत कधी काही पाहिलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

या प्रश्नावर आपल्या चळवळीत चर्चाच होत नाही. आरक्षणाच्या जागा, शिष्यवृत्तीचा हप्ता, वसतिगृह यांवर आपण मोर्चे काढतो आणि ते बरोबरच आहे. पण राखीव जागेच्या दारापर्यंत पोचायला जो विषय लागतो, तो पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडून एका मिनिटात सोडवून घेतला जातो, आणि त्याचं निवेदन कोणत्याच कलेक्टर कचेरीत जात नाही.

गणित नसेल तर सगळंच संपतं असं नाही. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात बी.कॉम.ला गणिताशिवाय प्रवेश मिळतो. राज्यात २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए यांना सीईटी आली. तिच्यात इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान, संगणक एवढंच विचारतात. सीए फाउंडेशनलाही बारावीच्या गणिताची अट नाही. पण फाउंडेशनच्या चार पेपरांतला एक पेपर गणित, संख्याशास्त्र आणि तर्काचाच असतो. इंदूरच्या आयआयएमने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवलाय, त्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा भरणा मोठा. दोन वर्षं गणिताला हात न लावलेलं पोर तिथे काय करणार? दार उघडं दिसतं, पण उंबरठा कमरेएवढा असतो.

सायन्सवाल्यांचीही हीच गत. दहावीला बरे मार्क पडले की उचल घेऊन, दागिना मोडून लातूरला नीटच्या क्लासला पाठवायचं, हा आपल्या जिल्ह्याचा शिरस्ता. तिथे जीवशास्त्र घेतलं की गणित टाकून देतात, तेवढाच वेळ वाचतो म्हणून. नीट हुकली की त्या पोराकडे एमबीबीएसही नाही आणि गणितही नाही. मग पुण्यात खोली घेऊन एमपीएससी. गणित ठेवलेलं सायन्सचं पोर मात्र व्यवस्थापनाला, अर्थशास्त्राला, सीएला, कुठेही वळू शकतं.

कार्यकर्त्यांकडून आम्ही एक वाक्य वारंवार ऐकतो : "कॉमर्स आपला प्रांत नाही, ते मारवाड्या-गुजरात्यांचं." हे वाक्य बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बोललं जातं! बाबासाहेब १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि सिडनहॅम हे वाणिज्याचंच कॉलेज. तिथल्या काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून हरकत घेतली होती. त्याच्या आधी शेअर-व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी त्यांनी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं आणि पेढी बुडाली. प्रांत आपला नव्हता म्हणून ती बुडाली नाही, त्यातून आपल्याला बाहेर काढलं गेलं म्हणून बुडाली. पुढे १९५३ मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढलं. आपण भाषणात 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चं नाव घेतो, टाळ्या घेतो, आणि घरी येऊन पोरीला सांगतो, गणित अवघड आहे, सोड.

अवघड म्हणजे काय, तेही बघा. कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणिताहून वेगळं आहे. बारावीच्या दुसऱ्या भागातला पहिला धडा आहे कमिशन आणि दलालीचा. पुढे विमा, निर्देशांक, संभाव्यता. मुकादमाचं कमिशन, घेतलेली उचल, दर टनाचा भाव, हंगाम संपल्यावर अंगावर राहिलेली बाकी आणि पुढच्या दसऱ्याला तिचं काय होतं, हे बीडच्या पोराला कोणी शिकवावं लागतं का? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती आपल्या आईबापाच्या हिशेबात किती उतरली हे वहीत मांडून दाखवणारं पोर घराघरात पाहिजे. वही आजही मुकादमाकडे असते. दहावीत गणितात पन्नास-साठ मार्क असतील तरी हा विषय झेपतो. रोज तासभर बसावं लागतं, एवढंच.

खरी अडचण वेगळी आहे. तालुक्याच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत कॉमर्सला गणित शिकवतच नाहीत, काही ठिकाणी कॉमर्सच नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा पसंतीक्रम भरता येतात. पण ते भरताना तिथे गणित आहे की नाही हे पोराला कोण सांगतं? म्हणून पसंतीक्रम टाकण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा. नाही म्हणाले तर दहा-पंधरा पालक मिळून प्राचार्यांना लेखी द्या. "पोरं नाहीत" हे कारण पोरं समोर उभी राहिली की टिकत नाही. तरीही जमलं नाही तर बीड, अंबाजोगाई गाठा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृह आहे, तिथे जागा मिळाली नाही तर अकरावीपासून स्वाधार योजना आहे.

केजच्या त्या मुलीचा दाखला आम्ही काढून दिला आणि राज्याच्या सीईटीचा फॉर्म भरला. आजी जाताना म्हणाली, "बाबा, हिची धाकटी बहीण औंदा दहावीला हाय. तिचं आत्ताच बघून ठिवा." तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी बीडच्या अकराही तालुक्यांतली, कॉमर्सला गणित शिकवणाऱ्या कॉलेजांची यादी आम्ही करतोय. आपापल्या तालुक्यात चौकशी करा आणि दहावीचा निकाल लागायच्या आत आम्हाला कळवा.

जय भीम.