हृदयशुद्धि कीं नवें सोवळें?

‘शुद्ध’ हा शब्द आमच्या भाषेंत फार जुना आहे आणि म्हणूनच फार फसवा आहे. तो कानीं पडतांच मराठी मनापुढें उभें राहतें तें सोवळें: उंच दांडीवर वाळत घातलेलें, कोणाचा स्पर्श होऊं नये म्हणून काठीनें काढावयाचें. अंतःकरणानें जे शुद्ध आहेत त्यांस देवाचें दर्शन होईल, हें ख्रिस्ताचें वचन आमच्या मंडळ्यांतून पिढ्यान् पिढ्या वाचलें जात आहे. परंतु वाचणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं शब्द शुभवर्तमानांतून घेतला आणि अर्थ मात्र त्या दांडीवरून काढला. या गोंधळास आम्ही निरुपद्रवी समजत नाहीं. पवित्र जीवनाचा घात त्यानेंच होत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नाटक-सिनेमा वर्ज्य, तंबाखू वर्ज्य, दागिना वर्ज्य, ‘जगिक’ लोकांची संगत वर्ज्य. एवढी यादी पाळली कीं मनुष्य पवित्र झाला, असा उपदेश आमच्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकूं येतो. संयमाशीं आमचें भांडण नाहीं. जो दारू सोडतो तो आपल्या बायकामुलांवर उपकारच करतो. आमचें भांडण आहे तें मापाशीं. वर्ज्यांची यादी हें शुद्धतेचें माप ठरलें, कीं जो मनुष्य कशालाच शिवत नाहीं तो सर्वांत पवित्र ठरतो. आणि जो कशालाच शिवत नाहीं तो कोणाच्या उपयोगीही पडत नाहीं.

सोवळ्याचा स्वभाव पाहा. तें मोठें दुबळें असतें. ओवळ्याचा स्पर्श झाला कीं सोवळें बाटतें. पण सोवळ्याच्या स्पर्शानें ओवळा शुद्ध झाला, असें कोणीं कधीं ऐकलें आहे काय? शुभवर्तमानांत नेमकें याच्या उलट घडतें. येशू महारोग्यास हात लावतो आणि रोग्याचा विटाळ त्याला लागत नाहीं. त्याचें आरोग्य मात्र रोग्यास लागतें. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली, शास्त्राप्रमाणें विटाळशी ठरलेली स्त्री त्याच्या वस्त्रास शिवते, आणि तो तिला ‘मुली’ म्हणून हांक मारतो. हात न धुतां जेवणाऱ्या शिष्यांवरून वाद झाला तेव्हां त्यानें सांगितलें तें हेंच, कीं बाहेरून पोटांत जाणारें अन्न मनुष्यास विटाळवीत नाहीं. अंतःकरणांतून निघणारे लोभ, कपट, मत्सर व गर्व त्याला विटाळवितात. जी शुद्धता शिवण्यास भिते ती त्याची नव्हे.

यावर प्रतिपक्षाचें एक उत्तर आहे व तें विचार करण्याजोगें आहे. ते म्हणतात, ‘कुंपणावांचून बाग राहत नाहीं. जगाच्या डागांपासून अलिप्त राहा, असें याकोबाच्या पत्रांतच सांगितलें आहे.’ खरें आहे. पण त्याच वाक्याचा पूर्वार्ध हे सज्जन कां गिळतात? अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटांत समाचार घेणें, हें तेथें शुद्ध धर्माचें पहिलें लक्षण म्हणून दिलें आहे. डागांची गोष्ट त्यानंतर येते. कुंपण बागेसाठीं असतें; बाग उपटून कुंपण राखणाऱ्यास माळी कोण म्हणेल?

पूर्वार्ध गाळला म्हणजे काय होतें याचा दाखला दक्षिणेंत आहे. तंजावर व मद्रास येथील जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जातवार बसण्याची चाल होती. प्रभुभोजनांतही आधीं कोण, नंतर कोण, हें जातीनें ठरे. 1833 मध्यें कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकावा असें पत्र काढलें, तेव्हां पुष्कळ सभासद मंडळी सोडून निघाले. मूर्ति सोडणें त्यांना साधलें होतें. पण शेजाऱ्याच्या ओठांस लागलेला पेला आपल्या ओठांस लावणें साधलें नाहीं. त्या पेल्यापाशीं कोणाचें अंतःकरण कोठें आहे तें उघड झालें.

याच्या उलट केडगांव पाहा. पंडिता रमाबाई संस्कृत विद्येंत वाढलेल्या, चित्पावन ब्राह्मण कुळांतल्या. सोवळें म्हणजे काय हें त्यांना कोणीं शिकवावयाचें होतें? 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपासमारीनें खंगलेल्या मुली व विधवा त्यांनीं आणल्या, आणि मुक्ति सदन उभें राहिलें. समाजानें ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं कृपा सदन काढलें. 1905 मध्यें मुक्ति सदनांत जें धार्मिक पुनरुज्जीवन झालें, त्याच्या कथा भाविक मंडळी आवडीनें सांगतात. त्याआधींच्या आठ-नऊ वर्षांतील शुश्रूषा, शिक्षण व कष्ट यांचा उल्लेख मात्र ओझरता करतात. जणूं प्रार्थनेची ज्योत तेलावांचूनच पेटली होती!

येथें दुसऱ्या एका पक्षाचाही समाचार घेणें प्राप्त आहे. अमुक दिवशीं, अमुक सभेंत आपलें अंतःकरण एकदम शुद्ध झालें, असें सांगणारे बंधु जॉन वेस्लीचा आधार घेतात. वेस्लीनें ख्रिस्ती पूर्णत्वाचा पुरस्कार केला हें खरें. पण पूर्णत्व म्हणजे देवावर व शेजाऱ्यावर संपूर्ण प्रीति, असाच त्याचा अर्थ होता, आणि एकलकोंडा धर्म शुभवर्तमानास ठाऊक नाहीं असें तो म्हणे. मरणापूर्वीं थोडेच दिवस, फेब्रुवारी 1791 मध्यें, त्यानें विल्बरफोर्स यांस पत्र लिहिलें तें स्वतःच्या शुद्धतेची साक्ष देण्यासाठीं नव्हे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडत राहा, हें सांगण्यासाठीं. तारीख सांगून शुद्धता सिद्ध होत नाहीं. तारखेनंतरचे दिवस काय सांगतात तें पाहावें लागतें.

तात्पर्य, शुद्ध अंतःकरण म्हणजे रिकामें, पुसून ठेवलेलें अंतःकरण नव्हे. ज्यांत दोन धनी नांदत नाहींत, तें अंतःकरण होय. त्याची परीक्षा मंदिरांत होत नाहीं, घरांत होते. मोलकरणीचा कप निराळा ठेवला आहे काय? मुलीस स्थळ पाहतांना, बाप्तिस्म्यास तीन पिढ्या लोटल्यावरही, ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जातो काय? वाट चुकलेली भाची दाराशीं आली तर दार उघडतें कीं आंतून कडी लागते? या प्रश्नांस जे कुटुंब निर्भयपणें उत्तर देऊं शकेल, त्यानें वर्ज्यांची यादी खुशाल भिंतीवर टांगावी. आम्ही तिला नमस्कार करूं. ज्याला तें देतां येत नाहीं, त्यानें ती यादी उतरवून ठेवावी आणि आधीं दाराची कडी काढावी.