चतुर आणि चातुर्मास

भाद्रपदातील पाऊस ओसरून ऊन पडले की नवीन पनवेलच्या मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. सिडकोच्या वसाहतींतील मुले त्यांना ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. पूर्वी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडविण्याचा खेळ गावोगावी चाले. आता सुजाण पालक मुलांना त्यापासून परावृत्त करतात. ही करुणा योग्यच आहे. मात्र ती चतुराच्या उत्तरायुष्यापुरतीच पोहोचते.

स्पर्श, रस, गंध व दृष्टी लाभलेला चतुर हा जैन शास्त्रानुसार चतुरिंद्रिय जीव. काही जातींच्या एकेका डोळ्यात जवळजवळ ३०,००० भिंगे असतात. चारही पंख स्वतंत्रपणे हलवता येत असल्याने तो हवेत एका जागी स्थिर राहू शकतो.

परंतु हे पंख आयुष्याच्या अखेरीस लाभतात. मादी पाण्यात अंडी घालते. पिल्लू पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेते, अनेकदा कात टाकते आणि डासांच्या अळ्यांवर जगते. हा काळ जातीनुसार काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंतचा असतो. फुलपाखरासारखा कोश त्याला नसतो. वाढ पूर्ण झाली की ते गवताच्या काडीवर चढते, पाठीवरची त्वचा उकलते आणि पंखधारी चतुर बाहेर येतो. पुढचे उडते आयुष्य बहुधा काही आठवड्यांचेच.

पावसानंतर थव्याने दिसणारा ‘पॅन्टाला फ्लॅवेसेन्स’ हा चतुर तात्पुरत्या डबक्यांतही दीड-दोन महिन्यांत वाढतो. हे चतुर वाऱ्याच्या साहाय्याने भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात, असे प्रतिपादन चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली केले.

अशा डबक्यात डासांच्या भयाने कीटकनाशक ओतले, तर डासांच्या अळ्यांबरोबर चतुराची पिल्लेही मरतात. डासाची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. चतुराला मात्र कित्येक आठवडे लागतात. परिणामी डास आधी परततात आणि त्यांना आवर घालणारा मागे राहतो. कुंड्यांच्या ताटल्या व टायर यांत पाणी साचू न देणे हा त्याहून निर्दोष उपाय. मैदानातील व ओढ्यातील पाणी विषमुक्त राहू द्यावे.

पावसाळ्यात भूमीवर व पाण्यात असंख्य जीव वाढतात, म्हणून साधू-साध्वी चार महिने विहार थांबवतात. पावलाखालील जीवाची ही काळजी डबक्यातील पाण्यापर्यंत पोहोचली, तरच दोऱ्यातून सोडवलेल्या चतुराची पुढली पिढी आकाश पाहील.