गोळीची सवय

ब्लडप्रेशर हा मध्यमवर्गाला परवडणारा एकमेव राजेशाही आजार. दुखत नाही, खुपत नाही, रजा टाकावी लागत नाही, आणि तरी चारचौघांत ‘मला बीपी आहे’ म्हटलं की बसायला खुर्ची मिळते. (बीपी प्रत्येकालाच असतं. नसलं तर खुर्ची नव्हे, चार खांदे लागतात.)

माझं भांडण आजाराशी नाही. त्याच्यावरची गोळी घेऊ नका म्हणून सांगत फिरणाऱ्या मंडळींशी आहे. ‘‘एकदा सुरू केलीत की जन्माची लागली हो! सवय होते.’’ हे सांगणारा गृहस्थ नेमका तीस वर्षं तंबाखू मळत आलेला असतो. त्याच्या नाकावर चष्माही असतो. चष्म्यानं नीट दिसायला लागलं, तेव्हा उद्यापासून चष्मा बंद, असं तो कधी म्हणत नाही. पण गोळीनं प्रेशर १२०/८० वर आलं, की दुसऱ्या दिवशी गोळी बंद! ‘‘आता नॉर्मल आहे की!’’ अहो, ते गोळीमुळं नॉर्मल आहे!

आमच्या शाखेतल्या एका हेडकॅशियरांनी हेच केलं. नोटांचं बंडल दोनदा मोजल्याशिवाय हातावेगळं न करणारा माणूस, पण दोन वर्षांत प्रेशर एकदाही मोजलं नाही. का, तर ‘काही होत नाही’. वाढलेलं प्रेशर बहुधा काहीच कळवत नाही, हीच तर त्याची लबाडी. मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या खात्यांतून ते गुपचूप रकमा काढत राहतं, आणि पासबुक कुणी भरून घेत नाही. एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. आता पेन्शनच्या खात्यावरची सही जुळत नाही, म्हणून त्यांचा अंगठा घ्यायला मीच घरी जातो. ज्यांनी गोळी सोडायला सांगितलं होतं, तेही तिथं भेटतात. समाचाराला आलेले असतात, आणि सोबत लसूण आणतात.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. मीठ कमी करावं, वजन उतरवावं, रोज चालावं, यानं प्रेशर खरोखरच उतरतं, आणि कधी कधी डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतात. पण आमच्याकडं मीठ सोडणं म्हणजे साधं मीठ सोडून सैंधव धरणं. तेही बव्हंशी सोडियम क्लोराइडच. फक्त किंमत जास्त. दिवसाला माणशी पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे लहान चमचाभरसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या ताटात पापड आणि लोणचं यांनीच निम्मी मजल मारलेली असते!

‘इंग्रजी औषध’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी सर्पगंधेची आठवण करून देतो. ही आपल्याकडची मुळी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला, आणि जगाचं तिच्याकडं लक्ष गेलं. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळं निघालं. म्हणजे गोळीच्या घराण्यात आपलीही एक आजी आहे. तिच्यानं नाक चोंदायचं, काहींना उदास वाटायचं. पुढं तिच्याहून मवाळ गोळ्या आल्या आणि आजी मागं पडली. नैसर्गिक तेवढं निरुपद्रवी, हा हिशेब आजीच्या वेळीही जुळत नव्हता.

नव्या गोळ्यांचेही त्रास आहेतच. एखादीनं पाय सुजतात, एखादीनं कोरडा खोकला लागतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते गोळी बदलून देतात. वेगवेगळ्या जातींच्या गोळ्या आहेत त्यांच्यापाशी. पण आमचा माणूस गोळी बदलत नाही, बंद करतो. आणि बंद केली हे कळल्यावर डॉक्टर रागावतील, म्हणून त्यांच्या गल्लीतून जायचंही बंद करतो. भाजी आणायला लांबच्या मंडईत जातो. तेवढंच त्याचं चालणं!