गळ्यातला रुपया

रोमच्या बुल्गारी या जवाहिऱ्यांच्या पेढीने 1960च्या दशकात जुनी ग्रीक-रोमन नाणी सोन्यात बसवायला सुरुवात केली आणि श्रीमंतांना गळ्यात इतिहास मिरवायची चटक लागली. दुधनीच्या परिसरातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांना याचं नवल वाटायचं कारण नाही. राणीछाप चांदीच्या रुपयांची माळ त्यांच्या समाजात किती पिढ्यांपासून आहे!

ती माळ जवळून बघा. डाक देऊन कडी जोडलेली, व्हिक्टोरियाचं नाक घासून सपाट झालेलं, साल जेमतेम वाचता येतं. रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. 1940नंतर हेच प्रमाण निम्म्यावर आलं, म्हणून जुना रुपया निराळा काढून ठेवायची रीत. हा दागिना म्हणजे बाईची बँकच. अडीनडीला एकेक रुपया सुटा करून मोडता येई.

नाणेसंग्राहक मात्र डाक दिसला की नाक मुरडतात, नाण्याची किंमत उतरते म्हणून. बुल्गारी नाण्याला डाक देत नाही, कोंदणात धरते. पण आमच्या मते झिजलेली, डाक दिलेली माळच जास्त बोलकी. तरीही सराफाकडे ती वितळवायला देण्याआधी सालं तेवढी टिपून ठेवा. आणि शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. लेकीकडे परदेशी धाडायचा बेत असेल तर 1972चा हा पुरावस्तू कायदा आधी वाचा.

याच अंकात पुतळ्यांच्या माळेवरही लेख आहे. तिथे गाठ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटशी पडते.