बाबांची दाढी आणि साठ सेंटिमीटरची कांडी

मागच्या वेळी फोनच्या बॅकअपवर लिहिलं, तर मंडळातल्या एका काकूंचा निरोप आला, "आता जरा घरचं काहीतरी लिही." काकू, हे अगदी घरचं आहे.

गेल्या श्रावणात बाबांचा न्यूमोनिया एका रात्रीत बळावला. इथल्याच, बडोद्यातल्या एका रुग्णालयात पहाटे अडीच वाजता डॉक्टर बाहेर आले. "ऑक्सिजन टिकत नाहीये, नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल." मी सही केली. फॉर्म वाचून केली असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. दार बंद झालं ते बऱ्याच वेळाने उघडलं. "पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा बूजीवरून गेली," एवढंच कळलं. अठरा दिवसांनी बाबा घरी आले. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द राहून गेला.

माझी मावसबहीण भूलतज्ज्ञ आहे. दिवाळीत ती आली तेव्हा मी विषय काढलाच. बूजी म्हणजे सुमारे साठ सेंटिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाडीची, लवचिक कांडी. टोकाला थोडी वर वाकलेली. घशात लॅरिन्गोस्कोप घालून डॉक्टर स्वरयंत्राचं दार शोधतात. ते स्वच्छ दिसलं तर नळी सरळ जाते. पण मान आखूड असेल, जबडा लहान असेल, तोंडात रक्त किंवा उलटी असेल, तर दाराची नुसती कड दिसते. जाड नळी पुढे धरली की तीही झाकली जाते. म्हणून आधी बारीक कांडी सरकवायची आणि मग तिच्यावरून नळी.

"म्हणजे आधी सुई, मग दोरा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ताईने मान्य केलं.

मला सर्वात आवडलं ते पुढचं. कांडी योग्य जागी गेली हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. श्वासनळीच्या पुढच्या बाजूला कूर्चेची कडी असतात. वाकडं टोक त्यांवरून जाताना बारीक टकटक जाणवते. आणखी आत गेली की फुप्फुसाच्या अरुंद फांद्यांत अडते. अन्ननलिकेत गेली तर टकटक नाही आणि अडणंही नाही, थेट पोटाकडे घसरते. वरून येणारी नळी दाराशी अडली, तर जोर लावायचा नाही. किंचित मागे घेऊन डावीकडे पाव फेरा द्यायचा. शेवटचा पुरावा मात्र मॉनिटरचा: श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोय ना?

ही युक्ती जुनी आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी 1949 साली तिच्याबद्दल लिहिलं. त्यांच्याच नावाचं वाकडं लॅरिन्गोस्कोप आजही जगभर वापरात आहे.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे आकडे शोधले. 2018 साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका रुग्णालयातल्या 757 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची वाट अवघड वाटत होती त्यांच्यात बूजीने पहिल्याच प्रयत्नात 96 टक्के यश आलं, तर नळीत तार घालून वाकवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने 82 टक्के. मी खूश झालो. मग 2021 चा अभ्यास सापडला: अनेक रुग्णालयं, 1102 रुग्ण, बूजीने 80.4 टक्के, तारेने 83. म्हणजे फरक नाहीच!

आमच्या धंद्यात हे रोज ऐकू येतं, "माझ्या मशीनवर तर चालतंय." मिनियापोलिसच्या त्या विभागात बूजी रोजच्या वापरातली होती. दुसऱ्या अभ्यासातल्या अनेक डॉक्टरांचा तिच्यावर तितका हात बसलेला नव्हता. दोन निकालांतल्या फरकाचं तेवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण ताईचं म्हणणं मला पटलं: "कांडी ट्रॉलीवर असून भागत नाही. सोप्या केसमध्ये वापरून हात तयार ठेवावा लागतो." पहिला प्रयत्न एवढा महत्त्वाचा का, हेही तिनेच सांगितलं. औषधाने रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबवलेला असतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात घसा सुजतो, रक्त येतं, ऑक्सिजन खाली जातो आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो.

आता हे सगळं आज का आठवलं? पुढच्या महिन्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं, तर त्यात औषधांची दीड पानं, साखरेचे आकडे, पथ्य सगळं आहे. नळी पहिल्यांदा गेली नाही, याचा एक शब्द नाही. नव्या भूलतज्ज्ञाला जे सर्वात आधी कळायला हवं तेच गाळलेलं. ताई चिडली. म्हणाली, तिथे जाऊन लेखी माग: किती प्रयत्न लागले, काय अवघड होतं, शेवटी कशाने जमलं. मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला चार ओळींचा कागद मिळाला, सहीशिक्क्यासह. कारणं दोन: आखूड मान आणि भरघोस दाढी. दाढीमुळे मास्क नीट बसत नाही, नळी जाईपर्यंत ऑक्सिजन देणंही कठीण होतं.

ताईने फोनवर बाबांना विचारलं, "काका, ऑपरेशनपुरती दाढी काढाल का?" बाबा म्हणाले, "बघू."

कागद त्यांनी घडी घालून पाकिटात, आधार कार्डामागे ठेवलाय. दाढीवर घरात चर्चा सुरू आहे.