गिऱ्हाईक मागेल तो कॅम टाकू नये

जुनी मारुती जिप्सी हौसेने बांधणारे गिऱ्हाईक गॅरेजात येते आणि म्हणते, ‘उस्ताद, सर्वांत मोठा कॅम टाका.’ रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तो टाकू नये, दोन पैसे जास्त मिळत असले तरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जिप्सीचे १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आपली सर्वांत जास्त ओढ मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर देते. शहरात गाडी चालते दोन-तीन हजारांवर. मोठ्या कॅममुळे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. कमी फेऱ्यांत आत आलेले मिश्रण उलटे मॅनिफोल्डमध्ये ढकलले जाते आणि पिकअप मरतो. आयडलिंग थरथरते, ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कमी पडतो, पीयूसीला गाडी अडते. आवाज मात्र झकास येतो, आणि गिऱ्हाईक भाळते ते त्यावरच!

म्हणून आधी विचारावे, गाडी कुठे चालते, टायर केवढे आहेत. टायर मोठे असतील तर कॅम सौम्यच हवा. दोन कॅमच्या डिग्रीची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच लिफ्टवर, समजा एक मिलिमीटरवर, मोजलेले मागावेत; नाहीतर फसगत ठरलेली. लिफ्ट वाढली की स्प्रिंग तपासावी. पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवावे आणि व्हॉल्व्हचे अंतर पाहावे. न पाहता चावी मारली आणि व्हॉल्व्ह वाकले, तर हेडचा खर्च कारागिराच्याच माथी येतो. या तपासणीची मजुरी बिलात वेगळी लावावी. त्यात संकोच कसला?