बुधवारचा घरचा सामना

कोप्पीकर रोडवर क्रिकेटविषयी मत नसलेला दुकानदार शोधून सापडावयाचा नाही. फुटबॉलविषयी बोलणारा मात्र क्वचित भेटतो. माझी मातृभाषा कोंकणी, त्यामुळे लक्ष घाटाखाली मडगावच्या फातोर्डा मैदानाकडे असावयाचे. आशियाई स्पर्धेतील सामने बहुधा आठवड्याच्या मध्यावर येतात. वह्या तपासावयाच्या असताना ही गैरसोयच खरी. तरी मला ते अधिक प्रिय आहेत. रविवारी माणसे फुरसतीने जमतात, बुधवारी हौसेने.

विद्यार्थिमित्रहो, २२ ऑक्टोबर २०२५ चा बुधवार घ्या. एफ. सी. गोवा विरुद्ध रियाधचा अल्-नस्र. सामन्यापूर्वी सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न : रोनाल्डो येणार काय? तो आला नाही, आणि कित्येकांचा उत्साह तेथेच मावळला. हे मला पटत नाही. पाहुणा आला नाही म्हणून घरच्या माणसांकडे पाठ फिरवावी? त्या रात्री गोव्याचा एकमेव गोल ब्रिसन फर्नांडिस या गोमंतकीय तरुणानेच केला. सामना १-२ असा गेला, एवढेच. १४ एप्रिल २०२१ रोजी, तोही बुधवारच, याच मैदानावर गोव्याने कतारच्या अल्-रय्यानला ०-० असे रोखले. पण महामारीमुळे प्रेक्षागार रिकामे, टाळी वाजवावयास कोणी नव्हते!

पुढचा बुधवारचा सामना जाहीर होईल तेव्हा पाहुण्यांची नावे मागाहून वाचा. आपला गोलरक्षक कोण, हे आधी पाहा. गुरुवारच्या गृहपाठासाठी सामन्याची सबब मात्र माझ्या वर्गात चालावयाची नाही.